कंपनीत पैसे टाकायच्या आधी तिची कुंडली स्वतः कशी काढायची

सोसायटीतला कुणीतरी नाहीतर नात्यातलाच एखादा पोरगा एजंट होतो आणि सांगतो, काका कंपनी सरकारमान्य आहे, हे बघा सर्टिफिकेट. आणि सर्टिफिकेट खरंच असतं, तो कागद बहुतेक वेळा खोटा नसतो. पण तो एवढंच सांगतो की या नावाची कंपनी रजिस्टर झालीये. लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. जीएसटी नंबर, उद्यमचं सर्टिफिकेट, आयएसओ, यातल्या कशानेही ठेवी घेता येत नाहीत, हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

सगळ्यात पहिले सीआयएन नंबर म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक मागा. २१ अक्षरांचा असतो आणि लेटरहेडवर, बिलावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे एजंटने टाळाटाळ केली तर तिथेच उठा. नंबर नीट वाचा. सुरुवातीला यू असेल तर कंपनी शेअर बाजारात लिस्टेड नाही, एल असेल तर आहे. पुढचे पाच आकडे धंद्याचा प्रकार सांगतात, मग राज्य (आपलं एमएच), मग स्थापनेचं वर्ष, मग पीटीसी म्हणजे प्रायव्हेट किंवा पीएलसी म्हणजे पब्लिक. आता समजा स्टेजवरून सांगतायत की पंचवीस वर्षांचा अनुभव आणि नंबरात २०२३ दिसतंय, तर काय ते समजा. आणि पीटीसी असेल तर विषयच संपला, प्रायव्हेट कंपनीला बाहेरच्या लोकांकडून ठेवी घेताच येत नाहीत.

मग कंपनी मंत्रालयाच्या म्हणजे एमसीएच्या साइटवर जा, लॉगिन करा, मास्टर डेटा फुकट दिसतो. भरणा झालेलं भांडवल किती, शेवटची वार्षिक सभा कधी झाली, शेवटचा ताळेबंद कुठल्या वर्षाचा. भांडवल १ लाख आणि गोळा करतायत कोट्यवधी, किंवा दोन-दोन वर्षं ताळेबंदच भरलेला नाही, तर पुढे काही बघायचीसुद्धा गरज नाही खरं तर.

पण माझ्या मते खरी माहिती डायरेक्टरांच्या नावात असते. प्रत्येकाचा डीआयएन म्हणजे डायरेक्टरचा ओळख क्रमांक असतो, तो टाकला की तो माणूस आणखी कुठल्या कुठल्या कंपन्यांवर आहे, आधी कुठे होता ते कळतं. वहीत रेघा मारून जोडत जा, कोण कुणाबरोबर कुठे बसलाय. पीएमसी म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचंच बघा ना. बँकेचे चेअरमन आधी एचडीआयएल या बिल्डर कंपनीच्या बोर्डावर होते, ही माहिती लपलेली नव्हती, कुणालाही बघता आली असती. याच एचडीआयएल ग्रुपला बँकेने साधारण ६,५०० कोटींची कर्जं दिली होती आणि ती लपवायला २१ हजारांवर बनावट खाती दाखवली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये एनसीएलटीने म्हणजे कंपनी न्यायाधिकरणाने एचडीआयएलची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली आणि महिनाभरात, सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, खात्यातून सहा महिन्यांत फक्त १ हजार रुपये काढता येतील म्हणून. ती मर्यादा नंतर वाढवली, पण म्हातारी माणसं शाखेबाहेर रडत होती ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. बनावट खाती बाहेरून दिसली नसती हे खरं आहे, ते शोधणं ऑडिटर आणि रिझर्व्ह बँकेचंच काम होतं आणि ते वेळेत झालं नाही याचा राग आजही येतो. पण चेअरमन आणि बिल्डर यांचा संबंध दिसत होता.

१०० रुपये भरले की कंपनीचे जमा केलेले कागद उघडून बघता येतात. एओसी-४ नावाच्या फॉर्ममध्ये ताळेबंद असतो. त्यात आधी ऑडिटरचा रिपोर्ट आणि मग मागच्या टिपा वाचा, त्यातली रिलेटेड पार्टीची टीप म्हणजे मालकांच्याच दुसऱ्या कंपन्यांना किती पैसे गेले ते. लोकांचे पैसे इकडून घ्यायचे आणि बिनव्याजी कर्ज म्हणून मेव्हण्याच्या फर्मला द्यायचे हा जुना खेळ तिथे सापडतो. एडीटी-३ हा फॉर्म दिसला तर ऑडिटरने मधेच राजीनामा दिलाय, कारण लिहिलेलं असतं, ते वाचाच. चार्जच्या यादीत कुठली मालमत्ता कुठल्या बँकेकडे गहाण आहे ते कळतं, म्हणजे ज्या जमिनीचे फोटो दाखवून तुमच्याकडून पैसे घेतायत ती आधीच अडकलेली आहे का ते.

यानंतर परवानगी तपासा. रिझर्व्ह बँकेच्या साइटवर एनबीएफसींची म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपन्यांची यादी आहे, नाव असलं तरी ठेवी घ्यायला परवानगी आहे का ते वेगळं बघावं लागतं. ज्यांना आहे त्यांनाही वर्षाला १२.५ टक्क्यांच्या वर व्याज देता येत नाही. आता टोरेस ही दागिन्यांची कंपनी आठवा, दादरला शोरूम, हिऱ्यासारखे दिसणारे मोइसनाइटचे खडे, आणि परतावा आठवड्याला! जानेवारी २०२५ मध्ये पैसे थांबले आणि लोक शोरूमबाहेर जमले. आठवड्याला टक्के म्हटलं की बाकी तपास करत बसू नका, आधी तक्रार करा.

तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर करता येते, विषय शेअर किंवा सामूहिक गुंतवणुकीचा असेल तर सेबीकडे. पैसे अडकले असतील तर पोलिसांकडे, शहरात आर्थिक गुन्हे शाखा असते. अर्जात १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याचा म्हणजे एमपीआयडीचा उल्लेख करा, कारण त्यात सरकार मालमत्ता जप्त करून पैसे परत द्यायची सोय आहे. एनएसईएल म्हणजे नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचा ५,६०० कोटींचा घोटाळा याच कायद्यात बसतो असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय.

अर्ज एकट्याने देऊ नका, सगळ्यांची एकत्र यादी करा, तारीख, रक्कम, पावती, कुणाच्या खात्यात गेले. व्हॉट्सअ‍ॅप चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि तो फोन विकू किंवा फॉर्मॅट करू नका. "ओरिजिनल पावत्या जमा करा, पुढच्या महिन्यात चेक देतो" असं ऑफिसवाले म्हणतातच, एकही ओरिजिनल देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि शक्य असेल तर डायरेक्टरांच्या नावावरचे सातबारे, इंडेक्स २ (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) काढून अर्जाला जोडा, हे पोलीस करतील म्हणून थांबू नका, कारण उशीर झाला की ती जमीन विकून मोकळे होतात. ग्रुपवर कुणाला चोर वगैरे लिहू नका, उलटी केस करतात, जे कागदात आहे तेवढंच बोला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका, घेतच नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने एसपी किंवा डीसीपींना पाठवा आणि पोचपावती फाइलला लावा.