मध्यम मुदतीचे रोखे घेताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त फसगत होते ती कूपनमुळे, म्हणजे रोख्यावर (बॉण्डवर) ठरलेल्या वार्षिक व्याजदरामुळे. ९ टक्क्यांचा रोखा दिसला की ७ टक्केवाला फिका वाटतो. पण बाजाराचा दर ७ टक्के असताना पाच वर्षं उरलेला ९ टक्क्यांचा रोखा १०० रुपयांना कोण विकेल? तो साधारण १०८.३० रुपयांना पडतो आणि मुदतीअखेर हातात येतात १००च. वरचे आठ रुपये तुम्हीच भरलेले असतात, तेच व्याजातून परत येतात. शिवाय प्राप्तिकर पूर्ण ९ टक्के व्याजावर लागतो. म्हणून कूपन नव्हे, मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा, म्हणजे वायटीएम, विचारा.

दुसरी चूक: ‘सरकारी आहे, म्हणजे किंमत पडणार नाही.’ पैसे बुडण्याची भीती नाही, हे खरं. पण पाच वर्षांचा, ७ टक्के कूपनचा रोखा १०,००० ला घेतला आणि लगेच बाजाराचा दर ८ टक्के झाला, तर त्याची किंमत ९,५९४ च्या आसपास येते. मुदत संपेपर्यंत थांबणाऱ्याला याची झळ नाही. मुलीच्या फीसाठी मध्येच विकणाऱ्याला आहे. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या सरकारी रोखे थेट घेण्याच्या ऑनलाइन सोयीवर १०,००० पासून रोखा घेता येतो, मात्र इतक्या लहान रकमेला विकताना चांगला भाव मिळेलच असं नाही. पैसे ज्या वर्षी लागणार, त्याच वर्षी संपणारा रोखा घ्या.

आणि रोखा घेताना भावाशिवाय जे ‘जादा’ पैसे मागितले जातात, ते कसले? ७.१० जीएस २०२९, म्हणजे २०२९ मध्ये संपणारा ७.१० टक्के कूपनचा सरकारी रोखा, याचं व्याज १८ एप्रिल आणि १८ ऑक्टोबरला मिळतं. १८ जुलैला १०,००० चा घेतलात, तर भावावर १७७.५० रुपये वेगळे द्यावे लागतात. ते विक्रेत्याचं तीन महिन्यांचं व्याज. ऑक्टोबरला पूर्ण ३५५ रुपये तुम्हालाच मिळतात.

खासगी कंपनीच्या रोख्यात पतमानांकन, तारण आणि कॉल ऑप्शन, म्हणजे मुदतीआधीच रोखा फेडायचा कंपनीचा हक्क, पाहा. कॉल असेल तर व्याजदर उतरल्यावर कंपनी सात वर्षांचं कर्ज तिसऱ्याच वर्षी फेडून मोकळी होऊ शकते, आणि तुम्हाला नेमक्या पडत्या दरात पुन्हा गुंतवणूक शोधावी लागते.

मीडियम ड्युरेशन फंडाला, म्हणजे रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या एका प्रकारच्या म्युच्युअल फंडाला, रोखा समजू नका. त्याचं मॅकॉले ड्युरेशन, म्हणजे त्यातल्या रोख्यांचे पैसे परत येण्याची सरासरी मुदत, तीन ते चार वर्षांचं असतं, पण ओपन-एंडेड, म्हणजे कायम खुला, असल्यानं मुदतपूर्तीची तारीख नसते. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या युनिट्सच्या नफ्यावर, कितीही वर्षं ठेवली तरी, स्लॅबप्रमाणेच कर लागतो.