डॉक्युमेंटेशनची नोकरी घेऊन श्टुटगार्टला येताय? मग आधी स्वतःचे कागद वाचायला शिका

दर तीन-चार महिन्यांनी पुण्याहून कुणाचा तरी मेसेज येतो. "ताई, मी टेक्निकल रायटर आहे, जर्मनीत ऑफर आलीये. जर्मन आलंच पाहिजे का हो?" विचारणाऱ्याला "नाही" हेच उत्तर हवं असतं, आणि ते द्यायला इथल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पन्नास जण तयार बसलेले असतात. ते सगळे कोडिंगवाले. त्यांचं इंग्रजीवर निभतं, कारण कंपायलरला जर्मन येत नाही. आपण मॅन्युअल लिहिणारे, आपलं पोट शब्दांवर चालतं. त्यामुळे माझं उत्तर नेहमी लांबतं.

मी मूळची सांगलीची. हिंजवडीत सहा वर्षं टेक्निकल रायटर होते आणि २०१४च्या मार्चमध्ये इथे आले. जर्मन येत होतं ते ए१ पुरतं, म्हणजे सहातल्या पहिल्या पायरीपुरतं: नाव, गाव, दोन कॉफी द्या. पुण्यात मॅक्सम्युलर भवन घरापासून वीस मिनिटांवर होतं, तरी पुढची लेव्हल केली नाही. "तिकडे गेल्यावर आपोआप येईल" असं वाटायचं. आपोआप फक्त बिलं येतात.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. आपल्याला लागतं ते ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधर परदेशी नोकरदारांचा राहण्याचा आणि कामाचा परवाना. त्याची पगाराची अट दर जानेवारीत बदलते. २०२५ साली ती वर्षाला ४८,३०० युरो होती, आणि मनुष्यबळ कमी असलेल्या पेशांसाठी ४३,७५९.८० युरो. आपला पेशा त्या दुसऱ्या यादीत धरला जाईल असं गृहीत धरून ऑफरवर सही करू नका, मोठाच आकडा डोळ्यांसमोर ठेवा. 'आनाबिन' या परदेशी पदव्यांच्या सरकारी यादीत आपलं विद्यापीठ आणि आपली पदवी दोन्ही तपासा, नुसतं विद्यापीठ बघून थांबू नका. बाकी सगळं दूतावासाच्या साइटवर आहे. तेच वाचून दाखवायला कन्सल्टंटला पैसे द्यायचे असतील तर तुमची मर्जी.

घर न बघता, चावी हातात न घेता एक युरोही पाठवू नका. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या 'काल्टमीटे'इतकं, म्हणजे हीटिंग वगैरे धरून नाही, नुसत्या भाड्याइतकं. तेही तीन हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्यानं आहे. घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो, तो पहिल्याच दिवशी मागून घ्या. नोंदणी झाली की टॅक्स नंबरचं पत्र घरी येतं. तो नंबर कंपनीला मिळाला नाही, तर पहिल्या पगारातून कर सगळ्यात चढ्या दरानं कापला जातो. नोंदणीच्या वेळी धर्म विचारतात. आमच्या मंडळातल्या वसईच्या मैत्रिणीनं सरळ मनानं 'रोमन कॅथलिक' असं लिहिलं, आणि पगारपत्रकावर चर्चचा कर बघून चक्रावली. आयकराच्या ८ टक्के, आमच्या राज्यात. तिला तो द्यायचाच होता हे वेगळं, पण ठरवून देणं निराळं आणि न वाचता देणं निराळं.

आता केअरवोखे. हा खास आमच्या श्वाबेन भागातला प्रकार. दाराला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली, की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. झाडून झालं की पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. मला वाटलं, आधीच्या भाडेकरूची शोभेची वस्तू असेल. बरी दिसत होती, राहू दिली. पाच आठवडे जिना कुणी झाडला नाही आणि शेजाऱ्यांच्या "ग्र्यूस गॉट" या इथल्या नमस्कारातला गॉट, म्हणजे देव, हळूहळू नाहीसा झाला. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. मी वाचलंच नव्हतं.

हे न वाचणं मला पुढे फार महागात पडलं. त्याआधी कामाबद्दल.

इथे आपल्या कामाच्या दोन दुनिया आहेत. एक सॉफ्टवेअरची: गिट, मार्कडाउन, एपीआय, इंग्रजी. ती बर्लिन-म्युनिककडे जास्त, आणि मी आले तीही अशाच एका कंपनीत. दुसरी मशीनची. श्टुटगार्ट आणि आसपासचा मुलूख या दुसरीचा. तिथे तुम्ही टेक्निकल रायटर नसता, तर 'टेश्निशर रेडाक्टोअर' असता. त्याचं रीतसर शिक्षण असतं, कार्ल्सरूहच्या हॉखशूलेसारख्या ठिकाणी पदवी मिळते. या पेशाची 'टेकॉम' नावाची संघटना १९७८पासून आहे आणि दर नोव्हेंबरात श्टुटगार्टमध्ये तिचं मोठं अधिवेशन भरतं. पहिल्या वर्षी दुसरं काही जमलं नाही तरी तिथल्या प्रदर्शनात एक दिवस फिरून या. कोणत्या कंपन्या कोणती रेडाक्त्सिओन्सझिस्टेम, म्हणजे मॅन्युअलचा मजकूर सांभाळणारी सिस्टिम, वापरतात ते एका दिवसात कळतं. पुण्यात फ्रेममेकर किंवा फ्लेअर ही लिहिण्याची टूल्स शिकून आलेल्यांना या सिस्टिम्स पहिल्यांदा परक्या वाटतात. पण ज्याने डिटा ही मजकूर तुकड्यांत लिहायची पद्धत वापरलीये त्याला मूळ कल्पना ओळखीचीच: मजकुराचे तुकडे करा, एकदाच लिहा, दहा ठिकाणी वापरा.

मशीनच्या दुनियेत मॅन्युअल ही कायद्याची बाब आहे. युरोपच्या मशिनरी डायरेक्टिव्हनुसार (२००६/४२/ईसी) मशीनसोबत ते वापरलं जाणार असेल त्या देशाच्या भाषेत मॅन्युअल द्यावंच लागतं, आणि ते मूळ आहे की भाषांतर हेही त्यावर छापावं लागतं. २० जानेवारी २०२७पासून तिची जागा नवा नियम, २०२३/१२३०, घेतो. त्यात डिजिटल मॅन्युअल चालेल, पण गिऱ्हाइकानं खरेदीच्या वेळी मागितलं तर कागदावर द्यावं लागेल. मुलाखतीत हे एवढं सांगता आलं तरी समोरचा खुर्चीत जरा पुढे सरकून बसतो. बहुतेक भारतीय उमेदवार फक्त टूल्सची नावं घेतात.

लिहिण्याची सवयही मोडावी लागते. आपल्याकडे देवळाबाहेर 'कृपया चपला येथे काढाव्यात' असं लिहिलेलं असतं. काढाव्यात, म्हणजे काढल्या तर बरं. माझ्या पहिल्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये मी इंग्रजीत तसंच लिहिलं होतं: झाकण उघडण्याआधी कृपया मेन स्विच बंद केलेला असावा. सर्व्हिसचा एक म्हातारा फिटर ते वाचून म्हणाला, "असावा म्हणजे? मी बंद करू की नको?" कृपया गेलं, असावा गेलं. 'मेन स्विच बंद करा.' इशाऱ्याच्या शब्दांचीही उतरंड ठरलेली आहे. 'गेफार' म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, 'वार्नुंग' म्हणजे होऊ शकते, 'फोरझिश्ट' म्हणजे किरकोळ इजा. नुसतं मशीनचं नुकसान होणार असेल तर त्याला वेगळा शब्द. आपण सगळ्यालाच 'नोट' म्हणून मोकळे होतो.

शिवाय एकाच गोष्टीला एकच शब्द, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. शाळेत निबंधाला "शब्दांची पुनरुक्ती टाळा" म्हणणाऱ्या बाईंना मनातल्या मनात रजा द्या. भाषांतराचे पैसे शब्दांवर मोजतात आणि आधी भाषांतर झालेलं वाक्य जसंच्या तसं आलं तर ते स्वस्त पडतं. अशा भाषांतर-स्मृतीचं जगभर गेलेलं सॉफ्टवेअर, ट्रॅडोस, ते बनवणारी कंपनी १९८४ साली इथेच श्टुटगार्टमध्ये सुरू झाली. यात मला तरी योगायोग वाटत नाही. श्वाबेनची माणसं एका शब्दाचे दोनदा पैसे देणाऱ्यातली नव्हेत.

कामाचे नमुने तुमचे स्वतःचे हवेत. जुन्या कंपनीची गोपनीय पीडीएफ मुलाखतीत दाखवू नका. समोरच्याच्या डोक्यात पहिला विचार येतो तो हाच, की उद्या ही आमचीही दाखवेल. एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन सुधारा, किंवा घरच्या मिक्सरचं मॅन्युअल नव्यानं लिहा. मिक्सरवर नोकरी मिळालेली माणसं मी पाहिली आहेत.

आता त्सोयग्निस. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

नोकरी सोडताना जर्मन कंपनी जे प्रशस्तिपत्र देते ते आर्बाइट्सत्सोयग्निस. आपलं रिलीव्हिंग लेटर म्हणजे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, संपलं. त्सोयग्निस दीड-दोन पानी असतं, त्यात कामाचं वर्णन आणि मूल्यमापन असतं, आणि पुढचा प्रत्येक मालक ते मागतो. ते मागणं तुमचा कायदेशीर हक्क आहे. कायदा असंही म्हणतो की ते खरं असावं आणि तुमच्या वाटचालीत आडवं येऊ नये. मग वाईट लिहायचं कसं? गोड बोलून.

माझी पहिली कंपनी सॉफ्टवेअरची होती. पंचवीस महिन्यांनी तिनं डॉक्युमेंटेशनची टीमच गुंडाळली. मला त्सोयग्निस मिळालं. मी ते गूगलमध्ये घालून वाचलं: "तिनं सोपवलेली कामं आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे पार पाडली." पूर्ण समाधान! सांगलीला बाबांना फोटो पाठवला, त्यांनी तो फडके काकांना दाखवला. मी ते पत्र जोडून पाच महिने अर्ज करत राहिले. एकेक नकार यायचा, सभ्य भाषेत, आणि मी दोष माझ्या रंगाला, आडनावाला, जर्मनांच्या स्वभावाला देत राहिले.

शेवटी संध्याकाळच्या भाषेच्या वर्गातली एक सहाध्यायी, पोलंडची, एचआरमध्ये काम करणारी, तिनं ते पत्र हातात घेतलं आणि अर्ध्या मिनिटात परत दिलं. म्हणाली, "तू तिथे काही घोळ केला होतास का?" मग तिनं कागदाच्या पाठीमागे उतरंड लिहून दिली. 'श्टेट्स त्सू उन्झरर फोल्स्टेन त्सुफ्रीडनहाइट', म्हणजे नेहमीच आणि पूर्णाहूनही पूर्ण समाधान: पहिला वर्ग. 'श्टेट्स' आणि 'फोलेन': दुसरा. नुसतं 'फोलेन', श्टेट्स नाही: तिसरा, म्हणजे ठीकठाक. 'प्रयत्न केला' असं असेल तर नापास. शेवटी 'ती जातेय याचं आम्हाला वाईट वाटतं, आभार, शुभेच्छा' असा परिच्छेद असायला हवा. माझ्या पत्रात फक्त शुभेच्छा होत्या. ज्या बाईनं आयुष्यभर 'शब्द नेमके वापरा' असं दुसऱ्यांना शिकवलं, तिला स्वतःच्या दोन पानांतला गाळलेला एक शब्द दिसला नाही.

दुरुस्ती मागायची असेल तर तेव्हाच मागायची असते. मी सहाव्या महिन्यात वकिलाकडे गेले. त्यानं समजावलं ते असं: ठीकठाकपेक्षा वरचं हवं असेल तर सिद्ध करायचं काम कर्मचाऱ्याचं, खालचं दिलं असेल तर मालकाचं. इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयानं २०१४ साली तेच पुन्हा सांगितलं होतं. पुरावा म्हणजे माझी दोन वर्षांची उत्तम अप्रेझल्स. ती कुठे होती? कंपनीच्या लॅपटॉपवर, जो मी शेवटच्या दिवशी मुकाट्यानं परत केला होता.

म्हणून अप्रेझल झालं की त्याची प्रत एचआरकडून रीतसर मागून घरी ठेवा. साहेब बदलत असला तर जुन्या साहेबाकडून 'त्स्विशनत्सोयग्निस', म्हणजे मधलं प्रशस्तिपत्र, घेऊन ठेवा. शेवटचं त्सोयग्निस हाती आलं की एखाद्या जर्मन एचआरवाल्याला दाखवा, मशीनला नको. नोकरी जाणार असं कळल्यापासून तीन दिवसांत आर्बाइट्स-एजन्सीत, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, नाव नोंदवा, नाहीतर बेकारभत्त्याचा एक आठवडा हकनाक कापला जातो. आणि पुण्यातून निघण्याआधी तिथल्या मॅनेजरकडून कामाचं तपशीलवार पत्र घ्या. इथे आल्यावर ते मागायला गेलात की तो स्वतःच बंगळुरूला नोकरी बदलून गेलेला असतो.

आता भाषेचा हिशेब, तोही याच प्रकरणातला. तेव्हा ब्लू कार्डवाल्याला कायमचा परवाना बी१ (तिसरी पायरी) जर्मन असेल तर २१ महिन्यांत मिळायचा, ए१वर ३३ महिन्यांत. मी पंचविसाव्या महिन्यात नोकरीबाहेर पडले. बी१ केलं असतं तर परवाना चार महिने आधीच खिशात असता, आणि ते पाच महिने मी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात तारखा मागत फिरले नसते. आता ए१वाल्यांची मुदत २७ महिने झाली आहे, बी१ची २१च आहे. प्रोबेत्साइटचे, म्हणजे प्रोबेशनचे, पहिले सहा महिने सगळे म्हणतात, आधी कामात रुळू दे. नका ऐकू. फोल्क्सहॉखशूलेचा, म्हणजे इथल्या प्रौढ शिक्षण केंद्राचा, वर्ग पहिल्याच सत्रात लावा. आणि बी१वर थांबलात तर मशीनच्या दुनियेचं दार किलकिलंच राहतं. तिथे सी१, म्हणजे पाचवी पायरी, लागते. मला तिला आणखी तीन वर्षं लागली.

आपल्या लोकांबद्दल एकच. मंडळात जरूर जा. गणपतीत पुरणपोळी मिळते, कुणी सुटीला निघालं तर सांगलीची हळद मागवता येते, अडीअडचणीला रात्री बारा वाजता माणूस धावून येतो. पण करार, भाडेपत्र, विमा यांचा अर्थ तिथे विचारू नका. "काही नसतं गं त्यात, सही करून टाक" हे वाक्य मी मराठीत जितक्या वेळा ऐकलंय तितकं जर्मनमध्ये एकदाही नाही. खासगी आरोग्यविमा असाच "स्वस्त पडतो" म्हणून तरुण वयात घेतलेले दोघं माझ्या ओळखीत आहेत. सरकारी विम्यात स्वतःची कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं फुकट येतात हे त्यांना बायको इथे आल्यावर कळलं.

फडके काकांना मी अजून सांगितलेलं नाही. ते पत्र त्यांनी झेरॉक्स काढून ठेवलंय म्हणे.