घरच्या सोयाबीनचा वाटा घरच्या ताटात: इंदूरकडील लहान शेतीसाठी

इंदूरच्या आसपास, सांवेर किंवा देपालपूरकडे, एक-दोन बिघे शेती असलेल्या घरांतूनही सोयाबीन खळ्यावरून सरळ मंडीत जाते, आणि ज्या दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिने आहेत तो पिकवणाऱ्याच्याच ताटात येत नाही. थोडे पीक घरासाठी ठेवायचे असेल, तर आधी ते लहरी पावसातून वाचवावे लागते.

पेरणीपूर्वी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. चार-पाच दिवसांनी 70 पेक्षा कमी उगवले, तर बियाणे बदलावे किंवा त्याचे प्रमाण वाढवावे. पहिल्या सरीला भुलून पेरणी करू नये. सुमारे 100 मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा (माती ओलसर पण चिखल नसलेली, पेरणीजोगी) आल्यावर, 3 सेंटिमीटर खोलीवर बी टाकावे. माळव्याची काळी माती अतिवृष्टीत पाणी धरून मुळे कुजवते आणि पावसात खंड पडला की भेगाळते, म्हणून रुंद वरंबा-सरी पद्धत (रुंद उंचवट्यावर पीक आणि बाजूला पाण्यासाठी चर, म्हणजे सरी) इथे खरोखर उपयोगी पडते: जादा पाणी सरीतून निघून जाते आणि उघडीप पडल्यास सरीत मुरलेली ओल पिकाला पुरते. यंत्र नसेल, तर पीक महिन्याचे होण्याच्या सुमारास कोळप्याला (ओळींमधले तण काढायच्या अवजाराला) दोरी गुंडाळून ओळींमध्ये सरी पाडता येते.

सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घ्याव्यात, कारण खोल मुळांची तूर खंडातही तग धरते आणि वरणाची सोय होते. रब्बीत पाणी थोडे असल्यास गव्हाचा हट्ट न धरता हरभरा पेरावा. त्याचा कोवळा पाला भाजीला चालतो. बांधावर शेवगा लावावा.

खाण्याच्या बाबतीत मात्र घाई नको. कच्च्या सोयाबीनमधील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात, त्यामुळे ते तसेच दळणात मिसळू नये. निवडलेले दाणे तिप्पट उकळत्या पाण्यात टाकून 20 ते 25 मिनिटे उकळावेत, पाणी टाकून द्यावे, दाणे कडक उन्हात खडखडीत वाळवावेत आणि भरडून साल पाखडावी. नऊ किलो गव्हाला ही एक किलो डाळ घालून चक्कीवर दळल्यास पोळीची चव फारशी बदलत नाही, मुलेही कुरकुर करत नाहीत. सोयाबीनमधील तेलामुळे हे पीठ लवकर खवट होते. म्हणून पंधरवड्यापुरतेच दळावे, पावसाळ्यात त्याहूनही कमी.