बेळगावहून चोर्ला घाट सायकलवर: उतार आधी, चढ परतताना

कोकणातून येणारा सायकलवाला सकाळी ताज्या पायांनी घाट चढतो आणि दुपारी उतरतो. बेळगावकराचं उलटं. आपण पठारावर राहतो, म्हणून घाट आधी उतरायचा आणि दमलेल्या पायांनी, बहुधा दुपारच्या ढगांखाली, चढायचा. त्यामुळे दिवसाचा हिशेब खाली पोचण्याच्या वेळेवर नाही, वर परत येण्याच्या वेळेवर मांडावा.

रस्ता असा: पिरनवाडी, किणये, कुसमळीला मलप्रभा ओलांडून जांबोटी, पुढे कणकुंबी, चोर्ला, आणि घाट उतरून गोव्यातल्या केरीकडे, अंजुणे धरणाच्या पाण्याशेजारी. मलप्रभेचा उगम कणकुंबीतच. बेळगाव ते कणकुंबी सुमारे ४५ किलोमीटर, पण सपाट समजू नका. जांबोटीनंतर चढउतार सतत चालू राहतात. कणकुंबीपासून केरीपर्यंत साधारण सातशे मीटर उंची खाली जाते. साधा सायकलवाला लांब चढावर तासाला ३०० ते ४०० मीटर उंची कमावतो. म्हणजे परतीच्या चढाला दोन ते अडीच तास धरा, फोटो वेगळे.

पहाटे पावणेसहाला निघावं. साडेआठच्या आसपास कणकुंबी, साडेनऊपर्यंत खाली, दहाला परत पेडल. साडेदहापर्यंत तळ गाठला नसेल तर जिथे असाल तिथून वळा. नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधार पडू लागतो आणि जांबोटीच्या जंगलातला तो तुकडा अंधारात काढण्यासारखा नाही. शनिवार-रविवार गोव्याच्या गाड्यांची रांग असते, जमलं तर मधला वार निवडा.

गिअरमध्ये पुढची लहान दातेरी चकती आणि मागची मोठी चकती यांचे दाते जवळपास सारख्या संख्येचे हवेत, म्हणजे पुढे ३४ ला मागे ३४ किंवा ३४ ला ३२. ३४ ला ३४ वर मिनिटाला ६० पेडल मारले तर वेग साधारण साडेसात किलोमीटर पडतो, आणि तोच घाटात टिकतो. जुन्या रोड बाईकवर पुढे ३९ आणि मागे २५ असेल तर मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बदलून घ्या; मात्र मोठी कॅसेट तुमच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) झेपते का, हे दुकानात विचारूनच. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून चढताना डावीकडचं वळण आतल्या, म्हणजे सर्वांत तीव्र कडेने घ्यावं लागतं. गिअर वळणाच्या आधीच उतरवा. मधेच जोर लावून बदलला की चेन उडते किंवा तुटते.

आता ब्रेक, कारण सगळं बिघडतं ते इथे. रिमवर पाण्याचा थर असताना पॅड लगेच धरत नाही. चाकाचे दोन-तीन फेरे आधी पाणी पुसण्यातच जातात. म्हणून ओल्या उतारावर वळणाच्या बरंच आधी दोन्ही ब्रेक हलके लावून रिम कोरडी करा, मग जोरात दाबून वेग उतरवा आणि वळणात सोडा. कोरड्यात ही हलकी पकड मुळीच ठेवू नका. सतत घासत गेलं की रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेक असेल तर पॅड चकचकीत होऊन पकड जाते. जांभ्याची लाल माती पाण्यात मिसळली की ती पॉलिश पेपरसारखी पॅड खाते. निघताना डिस्कच्या पॅडचं मटेरियल १ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर बदलूनच निघा. रिम ब्रेकवाल्यांनी खाली पोचल्यावर पॅडमध्ये अडकलेले खडे दाभणाने काढावेत. लिव्हर हँडलपर्यंत येऊ लागला तर बॅरल अॅडजस्टर (ब्रेकच्या केबलवरचा हाताने फिरणारा स्क्रू) अर्धा-एक फेरा बाहेर फिरवा, केबल ताणली जाते. डिस्कला हात लावून तापमान बघू नका, बोट भाजतं.

हवा: २८ मिलिमीटरच्या टायरला कोरड्यात ७५-८० पीएसआय, ओल्यात ६५-७०. पांढरे पट्टे, वळणातली बारीक खडी आणि कडेचं शेवाळ या तीन गोष्टींवर सायकल कलती ठेवू नका, सरळ करून पार करा. उतारावर गुरं दिसली तर वेग उतरवा. गाय कुठल्या बाजूला जाईल ते तिलाही आधी माहीत नसतं.

पाऊस कणकुंबीच्या बाजूला बेळगावपेक्षा कित्येक पट पडतो. शहरात ऊन दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. जुलै-ऑगस्टात हा फेरा आम्ही सुचवत नाही: धुक्यात समोरची गाडी दिसत नाही. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात आणि एप्रिल-मेच्या वळवात सकाळ स्वच्छ आणि दुपारी गडगडाट, हा नेहमीचा प्रकार. गडगडाट ऐकू आला की सड्यावर (उघड्या कातळी पठारावर) किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात शिरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

थंडी चढताना नाही, उतरताना वाजते. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबला जात नाही. म्हणून घाटमाथ्यावर, उतरण्याआधी, जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र घाला आणि नेहमीच्या हातमोज्यांखाली डॉक्टरी रबरी हातमोजे. दोन्हींचं वजन नगण्य.

सोबत दोन ट्यूब, पॅच, तीन टायर लिव्हर, पंप, मल्टीटूल, चेन टूल, मास्टर लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), एक जोडी ब्रेक पॅड, लहान बाटलीत ओल्या हवामानाचं चेन ऑइल, मागे लाल दिवा. पाणी दोन ७५० मिलीच्या बाटल्या. ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच. केळी, राजगिरा लाडू, शेंगदाणे दर पाऊण तासाला थोडे. कुंदा घरी परतल्यावर.

रेंज मधे मधे जाते, तेव्हा परतीची वेळ घरी आधीच सांगून ठेवा. पाय संपले तर बेळगाव-पणजी मार्गावरची बस असते, सायकल चढवणं मात्र कंडक्टरच्या मर्जीवर.

पावसात भिजलेली सायकल घरी आल्यावर सीटपोस्ट काढून उलटी टेकवा, फ्रेममधलं पाणी निघून जाईल. चेन फडक्याने पुसून रात्रीच तेल द्या.