मिरग लागला, सेव्ह करा!

मिरगाचा पाऊस सुरू झाला की आमच्या देवगडात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. माडाची एक झावळी तारेवर पडायचा अवकाश. लॅपटॉपवर निभावतं, पण डेस्कटॉपवर सरत्या हंगामातल्या आंबापेट्यांचा हिशोब अर्धवट असताना अंधार झाला, की बसा पुन्हा पहिल्यापासून.

वर्ड आणि एक्सेल मूळ सेटिंगप्रमाणे दर 10 मिनिटांनी ऑटोरिकव्हरची, म्हणजे अचानक बंद पडलं तर काम परत मिळवायची, प्रत ठेवतात. 10 मिनिटांत किती बिलं होतात, मोजून बघा! फाईल, ऑप्शन्स, सेव्ह असं जाऊन तो आकडा 2 करा. तरी ती प्रत म्हणजे सेव्ह नव्हे. एक नोंद संपली की कंट्रोल-एस दाबायची बोटांना सवय लावाच.

यूपीएसवर, म्हणजे लाईट गेल्यावर थोडा वेळ वीज देणाऱ्या बॅटरीच्या डब्यावर, सीपीयू, मॉनिटर, राउटर एवढंच. लेझर प्रिंटर अजिबात नको. तो तापताना इतकी वीज ओढतो की यूपीएस मान टाकतो.

आणि फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: 2025-06-07-बिलं. नावाने लावल्या की आपोआप तारखेच्या क्रमाने बसतात. ‘फायनल नवीन 2’ माझ्याकडेही होती. कशातली फायनल, देव जाणे.