लॉटरीच्या टपरीवर व्यसनी ग्राहकाशी कसे वागावे

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून सुरू आहे आणि जळगाव, धुळे, भुसावळ अशा गावांत ती विकणारे लोक कायदेशीर धंदा करतात. मात्र तिकिटाच्या नादी लागून बुडू लागलेला माणूस पुष्कळदा घरच्यांच्या आधी विक्रेत्याच्या नजरेस पडतो, म्हणून या सूचना टपरीचालकांसाठी आणि त्यांच्या हाताखालच्या मुलांसाठी आहेत.

ग्राहक किती तिकिटे घेतो यापेक्षा ती कशी घेतो, हे पाहावे. कापसाचे पैसे हाती आल्यावर हौसेने दोन तिकिटे जास्त घेणाऱ्या शेतकऱ्याची चिंता करण्याचे कारण नाही. काल गेलेले आज वसूल करायचे म्हणून रोज रक्कम वाढवणारा, बियाण्याचे किंवा मुलाच्या फीचे पैसे यात घातल्याचे बोलता बोलता सांगून जाणारा आणि घरी कळू नये म्हणून तिकिटे टपरीवरच ठेवणारा ग्राहक मात्र लक्षात ठेवावा. जुगाराच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटना विकार मानते, त्यामुळे त्याला चारचौघांत झापणे निरुपयोगी तर आहेच, शिवाय क्रूरही आहे.

विक्रेत्याच्या तोंडून सहज निघणारे एक वाक्य फार घातक ठरते: "थोडक्यात हुकलं, भाऊ!" पाच अंकी क्रमांकातला शेवटचा अंक चुकला म्हणजे बक्षीस जवळ आले, असे ग्राहकाला वाटते, प्रत्यक्षात पुढच्या सोडतीत त्या क्रमांकाची शक्यता पूर्वीइतकीच, एक लाखात एक, राहते. हे त्याला शांतपणे सांगावे आणि 'लकी नंबर' सुचवणे कायमचे बंद करावे. उधारीवर तिकीट तर कोणालाच देऊ नये. माझ्या मते बाकी काही जमले नाही तरी एवढा एक नियम पाळावा.

बोलायचे ते निकालानंतर लगेच नव्हे, कारण त्या वेळी माणूस चिडलेला किंवा खचलेला असतो. सकाळी गर्दी नसताना, चहा पुढे करून, "दादा, या महिन्यात जरा जास्तच होतंय, घरी सगळं ठीक आहे ना?" एवढेच विचारावे आणि तो बोलू लागला की मध्ये तोडू नये. ब्रिटनमधील बेटिंग दुकानांत ग्राहक स्वतः लिहून देऊ शकतो की, मला किमान सहा महिने खेळू देऊ नका, आणि तेथील कर्मचाऱ्यांना ते पाळावे लागते. आपल्याकडे तसे बंधन नसले तरी ग्राहकाच्या इच्छेने वहीत तशी नोंद करून त्याची सही घेता येते. मात्र ती नोंद हाताखालच्या मुलालाही माहीत असावी, नाहीतर मालक जेवायला गेला की तिकीट विकले जाते. ही वही इतर ग्राहकांच्या हाती कधीही पडू देऊ नये.

टेली मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक काउंटरवर ठळक लावावा. तेथे चोवीस तास मराठीत बोलता येते. ग्राहक जिवाचे काही बरेवाईट करण्याची भाषा बोलला, तर ती धमकी समजून सोडून देऊ नये. टपरी बंद ठेवावी लागली तरी त्याला एकटे न सोडता घरच्यांना बोलवावे आणि धोका तातडीचा वाटल्यास ११२ वर फोन करावा.