चिनी ॲडव्हेंचर बाईक परदेशात विकायच्या आहेत? या चुका टाळा

चोंगछिंग किंवा हांगजोच्या कारखान्यातून आलेलं कोटेशन पहिल्यांदा वाचताना कुणालाही मोह होतो. दोन सिलिंडरचं इंजिन, स्पोकची चाकं, एबीएस, रंगीत डिस्प्ले, क्रॅश गार्ड, सगळं अंगावर लावूनच येतं, आणि भाव मात्र जपानी किंवा युरोपीय गाडीपेक्षा बराच खाली. मग आयातदार वहीत चार आकडे मांडतो: इतक्याला घेतली, इतकं भाडं, इतकी ड्युटी, इतक्याला विकली. गाडी विकल्यानंतरच्या तीन वर्षांचा खर्च त्या वहीत सहसा नसतो, आणि धंदा बुडतो तो तिथेच.

एक गोष्ट आधीच मान्य करू. ‘चायना माल’ म्हणून नाक मुरडण्याचे दिवस गेले. सीएफमोटोच्या ८००एमटीचं ७९९ सीसी इंजिन केटीएमच्या ७९० घराण्यातलं आहे. व्होज हा ब्रँड ज्या लोन्सिनचा, ती कंपनी बीएमडब्ल्यूसाठी इंजिनं बनवते. कोव्ह या चिनी कंपनीने २०२३ च्या डकार रॅलीत तीन गाड्या उतरवल्या आणि तिन्ही शेवटपर्यंत पोहोचल्या. यंत्र बरंच सुधारलंय. विकणाऱ्यांच्या सवयी मात्र तितक्या सुधारलेल्या नाहीत.

‘सुटे भाग नंतर मागवू’

सगळ्यात महाग चूक हीच, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

२००० च्या सुमारास व्हिएतनाममध्ये चिनी मोटरसायकलींचा लोंढा आला होता. बऱ्याचशा गाड्या होंडाच्या नकला, किंमत होंडाच्या निम्म्याहूनही कमी. चोंगछिंगचे कारखाने एकमेकांचेच भाव पाडत होते आणि पाडलेल्या भावाची वसुली लोखंडाच्या दर्जातून करत होते. गाड्या लवकर खिळखिळ्या झाल्या आणि मागे उभं राहायला कुणी नव्हतं. २००२ मध्ये होंडाने स्वस्तातली वेव्ह अल्फा आणली आणि गिऱ्हाईक तिकडे परतलं. त्या काळातले काही कारखाने आज उत्तम ॲडव्हेंचर गाड्या बनवतात, पण तेव्हा गेलेलं नाव परत मिळवायला त्यांना फार वर्षं लागली.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतलं. कॅलिफोर्नियातल्या अझुसा गावच्या सीएससी मोटरसायकल्सने २०१५ पासून झोंगशेन या चिनी कंपनीची २५० सीसी आरएक्स३ विकायला घेतली. भाव साडेतीन हजार डॉलरच्या आसपास, बाजूच्या पेट्या आणि मागचा डबा त्यातच. डीलरचं जाळं नव्हतंच. गाडी क्रेटमधून थेट घरी. अशा पद्धतीत एरवी गिऱ्हाईक वाऱ्यावर सुटतं. सीएससीने सुटे भाग अझुसातच साठवले आणि देखभालीची फोटोंसह तपशीलवार माहिती सगळ्यांसाठी खुली ठेवली. डीलर नसलेल्या गाडीला मालकच मेकॅनिक मिळाला. छोट्या आयातदाराने अभ्यासावा असा हा नमुना आहे, आणि त्याला भांडवलापेक्षा चिकाटीच जास्त लागते.

मग पहिल्या कंटेनरसोबत काय मागवायचं? फिल्टर, ब्रेक पॅड, केबल, चेन-स्प्रॉकेट हे सगळेच मागवतात. विसरतात ते पडझडीचे भाग. ॲडव्हेंचर बाईक आडवी पडणारच, ती त्यासाठीच घेतली जाते. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, गिअरचा पेडल, आरसे, इंडिकेटर, हँडगार्ड, रेडिएटर, हेडलाइटचा ब्रॅकेट, पुढचं रिम, सुटे स्पोक. तीस डॉलरच्या लिव्हरसाठी दोन महिने उभी राहिलेली गाडी तुमच्या दहा संभाव्य गिऱ्हाइकांना परत पाठवते, कारण मालक रोज कुणाला तरी ते सांगत असतो. समुद्रमार्गाचाही भरवसा नाही. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपकडे जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि वाटेतले दिवस वाढले. ‘महिन्याभरात येईल’ असं गिऱ्हाइकाला सांगण्याआधी हे लक्षात असू द्या.

यात आणखी एक खाच आहे. चिनी कारखाने वर्षाच्या मध्येच गुपचूप पार्ट बदलतात. पुरवठादार बदलला की त्याच मॉडेलच्या क्लच प्लेटचा किंवा सेन्सरचा आकारही बदलतो, गाडीचं नाव तेच. म्हणून पार्टची यादी मॉडेलच्या वर्षावर नको, चासी नंबरच्या पट्ट्यावर मागा, आणि प्रत्येक बदलाची लेखी सूचना देण्याचं कलम करारात घाला. कारखाना आढेवेढे घेईल. घेऊ द्या.

आपल्याकडचा दाखलाही आहे. बेनेली ही इटलीच्या पेसारोची जुनी कंपनी २००५ पासून चीनच्या छियानजियांगच्या मालकीची. भारतात ती पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्समार्फत आली. डीएसके समूह आर्थिक संकटात सापडल्यावर २०१८ मध्ये भारतातला कारभार हैदराबादच्या आदीश्वर ऑटो राइडकडे गेला आणि टीआरके ५०२ ही ॲडव्हेंचर गाडी २०१९ मध्ये त्यांनीच आणली. मधल्या काळात जुन्या मालकांचं जे झालं ते पुण्या-मुंबईच्या कुठल्याही रायडिंग ग्रुपला विचारा. गाडी तीच, कारखाना तोच, पण वितरक अडचणीत आला की मालकाच्या लेखी कंपनीच गेली.

एकच मॉडेल सगळ्या देशांत रेटणं

‘तिकडे धडाक्यात चालतेय’ हे कारण पुरेसं नाही. तिकडे ती का चालते ते पाहा.

टीआरके ५०२ चंच घ्या. इंधनासह वजन २३० किलोच्या वर, म्हणजे मातीत नेणाऱ्याचा घाम काढणारी. तरीही या दशकाच्या सुरुवातीला इटलीत स्कूटर सोडून सर्वाधिक खपणारी मोटरसायकल हीच होती. युरोपातल्या ए२ या मधल्या टप्प्याच्या मोटरसायकल लायसन्सला ३५ किलोवॉटची मर्यादा आहे आणि या गाडीची ताकद नेमकी तेवढीच. दिसायला मोठी, २० लिटरची टाकी, दोघांना ऐसपैस, आणि लायसन्सही पुरतं. इटालियन नावाचा फायदा झालाच असेल, पण नुसत्या नावावर असा खप होत नाही.

आता हीच गाडी दुसरीकडे नेताना आधी तिथले नियम बघायचे. ऑस्ट्रेलियात शिकाऊ रायडरसाठी ६६० सीसी आणि टनाला १५० किलोवॉट अशी मर्यादा आहे. फिलिपिन्समध्ये ४०० सीसीखालच्या दुचाकीला एक्सप्रेसवेवर प्रवेशच नाही. तिथे ३०० सीसीची ‘टूरिंग’ गाडी विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला टोलनाक्यावरून परत पाठवणं. इंडोनेशियात २५० सीसीच्या वर चैनीच्या वस्तूंचा कर लागतो, त्यामुळे तिथे ४५० ची स्वस्ताई गेटमधून आत येईपर्यंत संपलेली असते. सीमाशुल्काच्या ८७११ या शीर्षकाखाली २५०, ५०० आणि ८०० सीसी असे टप्पे आहेत. आपलं मॉडेल कुठल्या टप्प्यात पडतं हे पोस्टर छापण्याआधी पाहायचं.

आणि डोंगर. कोलंबियात झोंगशेनची हीच आरएक्स३ एकेटी कंपनीच्या नावाने विकली गेली. अँडीजच्या रस्त्यांवर साडेतीन हजार मीटरच्या पुढे हवा इतकी विरळ होते की इंजिनाची जवळजवळ तीस टक्के ताकद जाते. पंचवीस हॉर्सपॉवरच्या गाडीवर दोघं आणि भरलेल्या पेट्या घेऊन तिथे चढ चढायचा असेल, तर मागचं स्प्रॉकेट मोठं आधीच बसवून द्या. फ्यूएल इंजेक्शन मिश्रण सांभाळून घेतं, गेलेली ताकद परत आणत नाही. हे विक्रीच्या वेळी सांगितलं की गिऱ्हाईक मान डोलावतं. नंतर सांगितलं की भांडतं.

कागदपत्रं कारखान्यावर सोडणं

‘सर्टिफिकेट आहे, काळजी नको’ असं कारखान्याचा सेल्समन म्हणतो. कुठलं सर्टिफिकेट, कुठल्या मॉडेल वर्षाचं, कुणाच्या नावावर? अमेरिकेत ईपीए या पर्यावरण संस्थेचं प्रमाणपत्र मॉडेल वर्षागणिक लागतं, कॅलिफोर्नियासाठी तिथल्या हवा मंडळाची वेगळी मंजुरी. युरोपात युरो ५+ हा प्रदूषणाचा नियम नव्या मॉडेलना १ जानेवारी २०२४ पासून आणि सगळ्या नव्या गाड्यांना १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्याच्या आदल्या महिन्यात कित्येक डीलरांनी गोदामातल्या गाड्या स्वतःच्या नावावर रजिस्टर केल्या आणि शून्य किलोमीटरच्या ‘सेकंड हँड’ गाड्या म्हणून पडत्या भावात काढल्या. त्या लाटेत स्वस्त ब्रँडचं नुकसान दुप्पट होतं: नफा जातोच, आणि सहा महिन्यांपूर्वी पूर्ण भावाने घेतलेल्याच्या गाडीची किंमतही एका रात्रीत पडते.

भारतातही हे दिसलं. सीएफमोटो २०१९ मध्ये बेंगळुरूच्या एएमडब्ल्यू मोटरसायकल्सबरोबर आली. ६५०एमटी ही ॲडव्हेंचर टूरर पाच लाखांच्या आत. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि कंपनीची बीएस-६ मॉडेल उगवली २०२१ मध्ये. मध्ये कोविड होता हे खरं, पण नव्या ब्रँडला दुकानाचं शटर वर्षभर अर्धवट ठेवणं परवडत नाही.

वॉरंटीचा सापळा वेगळाच आहे. युरोपीय संघात ग्राहकाला विकलेल्या वस्तूत मूळचा दोष निघाला तर दोन वर्षं विकणारा जबाबदार असतो. कारखान्याने तुम्हाला एकाच वर्षाची हमी दिली असेल, तर दुसरं वर्ष तुमच्या खिशातून जातं. शिवाय कारखान्याची हमी कंटेनर निघाल्यापासून मोजली जाते की गाडी विकल्यापासून? हा प्रश्न सही करण्याआधी विचारा.

डाव्या बाजूने वाहनं चालणाऱ्या देशात उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांसाठीचा हेडलाइट, मैल हवेत तिथे फक्त किलोमीटर, अशा फुटकळ गोष्टींवरही अख्खी खेप बंदरात अडकते. यावर जास्त बोलायची गरज नाही, फक्त यादी करून टिक मारा.

क्रेट उघडून थेट चावी देणं

पहिल्या हजार किलोमीटरमधल्या बहुतेक तक्रारी इंजिनाच्या नसतातच. त्या जोडणीच्या असतात. डिलिव्हरीआधी मेकॅनिकला अर्धा दिवस द्या आणि हे करून घ्या.

स्टिअरिंगच्या आणि स्विंगआर्मच्या बेअरिंगमधलं ग्रीस तपासा. कमी असेल तर तेव्हाच भरा; पावसाळा पाहिल्यावर कट-कट आवाज येऊ लागतो आणि मालकाला वाटतं सस्पेन्शन गेलं.

चेन फार ताणलेली असेल तर सैल करा. लांब पल्ल्याच्या सस्पेन्शनमध्ये चाक वर जाताना चेनला ढील लागते. ती नसेल तर पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टवरचं बेअरिंग आणि ऑइल सील खाल्लं जातं, आणि ते काम महागडं आहे.

स्पोक पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा सारखे ताणून घ्या. मॅन्युअल काहीही म्हणो.

‘गाडी गिअर टाकला की बंद पडते’ असा फोन आला तर आधी साइड स्टँडचा स्विच बघा. चिखल अडकतो किंवा कनेक्टर सैल होतो. ‘डिस्प्लेवर भलतेच दिवे लागतात’ असं असेल तर बॅटरीचे टर्मिनल आणि चार्ज तपासा. महिनोन्महिने क्रेटमध्ये पडलेली बॅटरी चार्ज न करताच लावली की असे प्रकार होतात. ‘कमी वेगात झटके मारते’ ही तक्रार मात्र खरी असते. प्रदूषणाचे नियम पाळायला मिश्रण हलकं, म्हणजे पेट्रोल कमी, ठेवलेलं असतं. आधी ॲक्सिलरेटर केबलची ढील आणि चेन ठीक करा, मग कारखान्याकडे ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचं, नवं सॉफ्टवेअर मागा. गिऱ्हाइकाला बाहेरून चिप बसवायला सांगू नका, वॉरंटीचं भांडण तिथूनच सुरू होतं.

हजार किलोमीटरची पहिली सर्व्हिस फुकट द्या आणि त्यात व्हॉल्व्हची फट मोजाच. मजुरी जाते, पण सगळ्या तक्रारी तुमच्या वर्कशॉपमध्ये येतात, बाहेर पसरत नाहीत.

चिनी असल्याचं लपवणं, आणि फक्त भावावर लढणं

जुनं इटालियन नाव विकत घेतलं असेल तर वापरा, त्यात गैर काही नाही. पण शोरूममधला पोरगा ‘इटलीत बनते’ म्हणाला की संपलं. गिऱ्हाईक फोन काढून तिथल्या तिथे पाहतं. कारखान्याचं नाव स्वतःहून सांगणाऱ्या विक्रेत्याशी लोक जास्त मोकळेपणाने बोलतात.

आणि स्वस्त असणं ही आता काही तुमची एकट्याची मिरास नाही. चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर आणि तमिळनाडूतली रॉयल एनफील्ड हिमालयन ४५० याच गिऱ्हाइकासाठी जगभर उभ्या आहेत. ब्रिटनमध्ये हिमालयन आणि सीएफमोटोची ४५०एमटी जवळजवळ एकाच भावात आल्या. तिथे शंभर पौंड कमी करून काही हाती लागत नाही. त्याच पैशात दोन वर्षांची सर्व्हिस, क्रॅश गार्ड आणि ‘पार्ट सात दिवसांत, नाहीतर बदली गाडी’ अशी लेखी हमी द्या.

शेवटी कराराबद्दल एक. ‘तुमच्या देशात तुम्हीच’ असं कारखाना तोंडी सांगतो, आणि पुढच्या वर्षी तीच गाडी दुसऱ्या टाकीच्या रंगात, दुसऱ्या नावाने तुमच्या शेजारच्या गोदामात उतरते. मक्तेदारीचं कलम ब्रँडच्या नावावर लिहून घेऊ नका. इंजिन आणि चासीच्या कोडवर लिहून घ्या.